गाडीतला वास आणि शेजारी बसलेला माणूस

सरकारी नोकरीतल्या माणसाला पंच म्हणून, म्हणजे झडतीचा साक्षीदार म्हणून, बोलावणं येतं ते साहेबांच्या टेबलावरून. पोलीस ठाण्याचं पत्र येतं, 'दोन कर्मचारी पंच म्हणून पाठवावेत', आणि साहेब ज्यांची नावं लिहितील ते संध्याकाळी ठाण्यात हजर होतात. मी कृषी खात्यात आहे. उसाच्या फडात, तुरीच्या ओळींत लपवून लावलेली गांजाची झाडं ओळखायला मला पूर्वी नेलेलं होतं, त्यामुळे तो वास माझ्या ओळखीचा. २०२२ च्या पावसाळ्यात सोलापूरच्या हैदराबाद रोडवरच्या सापळ्यासाठी पत्र आलं तेव्हा साहेबांनी माझं नाव लिहिलं ते त्यामुळेच.

त्या रात्री दोघांना अटक झाली. गाडी चालवणाऱ्याबद्दल मला कधीच शंका वाटली नाही. त्याच्या शेजारी बसलेल्या माणसाला मात्र मुख्यतः वासाच्या जोरावर आत टाकलं. ते मला त्या रात्री पटलं नाही, साक्ष देतानाही पटलं नाही. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

हा रस्ता सोलापूरकरांना सांगायला नको. आंध्र-ओडिशाच्या डोंगरपट्ट्यातून निघालेला माल हैदराबाद, जहिराबाद, उमरगा, नळदुर्ग करत आपल्या गावावरून पुण्या-मुंबईकडे जातो. आपल्या चादरी, टॉवेल, गणवेशांच्या गाड्याही त्याच रस्त्यावर असतात, आणि एसटी चुकली की हात दाखवून मिळेल त्या गाडीत बसणारी आपली माणसंही. ही शेवटची गोष्ट या प्रकरणात फार महत्त्वाची ठरली.

ठाण्यात आधी आम्हा दोघा पंचांना मिळालेली खबर वाचून दाखवली. एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे खबर लेखी नोंदवावी लागते, आणि तिची प्रत ७२ तासांच्या आत वरिष्ठांकडे जावी लागते. सूर्यास्तानंतर वॉरंटशिवाय झडती घ्यायची तर वॉरंट आणण्यात वेळ का घालवता येत नाही, याची कारणंही अधिकाऱ्याने लिहून ठेवायची असतात. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली बूटा सिंगच्या प्रकरणात सांगितलं आहे की रस्ता सार्वजनिक असला तरी त्यावरची खाजगी गाडी सार्वजनिक जागा होत नाही, तिला कलम ४२ च लागू. त्या प्रकरणातले आरोपी या एका मुद्द्यावर सुटले. आमच्या पथकाच्या अधिकाऱ्याला हे सगळं पाठ होतं. त्यांनी कागद नीट केले, घाई केली नाही. खबरीत लिहिलं होतं: पांढरी चारचाकी, तेलंगणाचा नंबर, चालवणारा एक इसम. दुसऱ्या माणसाचा उल्लेख नव्हता.

वजनकाटेवाला, फोटोग्राफर, लाख, सुतळी, खाकी कागद, पितळी सील असं सगळं घेऊन आम्ही शहराबाहेर जाऊन थांबलो. पाऊस भुरभुरत होता. राजपत्रित अधिकारी म्हणून एक उपअधीक्षक मागच्या गाडीत होते. बराच वेळ काहीच आलं नाही, मग आली ती गाडी एकदम आली आणि बॅरिकेडला थांबलीही निमूटपणे.

चालकाने काच खाली केली. मी हवालदारांच्या मागे दोन-तीन पावलांवर होतो. पहिल्यांदा नाकात शिरला तो सेंट, गाड्यांच्या डॅशबोर्डवर ठेवतात त्या बाटलीचा, गोड आणि डोकं उठवणारा. त्याच्या खाली डांबरगोळ्या. आणि त्या दोन्हींच्या खालून तो तिसरा, ओल्या पालापाचोळ्यासारखा, जरा तेलकट. झाडाचा माझ्या माहितीचा वास तो हाच, फक्त वाळवून दाबून बांधल्यावर येतो तसा जड. "साहेब, गांजाच आहे," असं हवालदार म्हणाले आणि मलाही तसंच वाटलं. हे मी कोर्टात सांगितलं आणि इथेही सांगतो. वास होता. खबर आणि वास एकत्र आल्यावर गाडीची झडती घेणं शंभर टक्के योग्य होतं.

दोघांना खाली उतरवलं. कलम ५० खाली तुमची अंगझडती राजपत्रित अधिकारी किंवा मॅजिस्ट्रेटसमोर घ्यावी हा तुमचा हक्क आहे, असं प्रत्येकाला वेगवेगळं सांगितलं, लेखी दिलं, सह्या घेतल्या. चालक गप्प होता. शेजारचा माणूस चाळिशीतला, गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात शिलाई मारणारा, सोलापूरच्या पूर्व भागात राहणारा. घरी तेलुगू बोलत असावा, कारण घाबरल्यावर आधी तेलुगूतून काहीतरी पुटपुटला आणि मग मराठीत आला. "साहेब, मी नळदुर्गात बसलो ओ. येष्टी बंद पडली. ह्येंनी शंभर रुपये मागितले, मी दिले. पिशवीत बहिणीनं दिलेल्या शेंगा हायत, बगा."

पिशवीत शेंगाच होत्या. खिशात पाकीट, मोबाइल आणि एसटीचं उमरगा ते सोलापूर तिकीट, त्याच दिवसाचं, मशीनवर वेळ छापलेलं. लिहिणाऱ्या हवालदारांनी ते तिकीट कुणी न सांगता अंगझडतीच्या यादीत घेतलं. त्या एका ओळीने पुढे किती काम केलं हे त्यांना कुणी सांगितलं असेल का, मला माहीत नाही. सांगायला हवं.

डिकीत स्टेपनीच्या खळग्यात आणि मागच्या सीटच्या पाठीमागे पत्रा कापून केलेल्या कप्प्यात खाकी चिकटपट्टीने गुंडाळलेली बावीस पाकिटं निघाली. वजन चव्वेचाळीस किलोच्या आसपास. गांजाच्या बाबतीत एक किलोपेक्षा कमी ते अल्प प्रमाण आणि वीस किलोपेक्षा जास्त ते व्यापारी प्रमाण धरतात. व्यापारी प्रमाणाला कलम २० खाली दहा ते वीस वर्षं सक्तमजुरी, आणि कलम ३७ मुळे जामीन जवळपास बंद. तेव्हा नमुने जागेवरच काढत. गांजाचा नमुना चोवीस ग्रॅमचा, दोन प्रतींत. २०२२ च्या डिसेंबरात नवे नियम आले, आता नमुने मॅजिस्ट्रेटसमोर काढायचे असतात. आम्ही मात्र त्या पावसात ताडपत्रीखाली बसून पाकीट फोडायचं, वजन करायचं, लाख ओतायची, लेबलवर सही करायची, हे पहाट होईपर्यंत करत होतो.

याच कामात मला एक गोष्ट कळली, आणि ती माझ्या साक्षीचा कणा झाली. पाकिटांजवळ बसल्यावर थोड्याच वेळात मला वास येईनासा झाला. नाक त्या वासाला सरावलं. सोबतच्या पंचाला विचारलं, तोही म्हणाला, "मला बी आता येत नाही." मग आम्ही समोरच्या टपरीवर चहाला गेलो, मोकळ्या हवेत उभे राहिलो आणि परत आलो तर तोच वास पुन्हा भपकन आला. बाहेरून आलेल्या माणसाला जो वास तोंडावर येतो तो आत बसलेल्याला कळत नाही. यात शास्त्राचं काही नवल नाही, माणसाच्या नाकाचा हा स्वभावच आहे. पण अटक करताना तो विचारात घेतलाच जात नव्हता.

अधिकाऱ्यांचं म्हणणं मी इथे प्रामाणिकपणे मांडतो, कारण ते फालतू नव्हतं. ते म्हणाले, "बसताना तर आला असेल ना? तुम्हाला रस्त्यावर उभं राहून आला, ह्याला गाडीत शिरताना आला नाही? इतका माल घेऊन जाणारा माणूस अनोळखी पॅसेंजर बसवेल का?" दुसरा प्रश्न खरोखरच बिनतोड वाटतो. ज्याच्या गाडीत चव्वेचाळीस किलो आहे तो शंभर रुपयांसाठी कुणाला का घेईल? मला सुचलेलं उत्तर मी त्यांना तिथेच सांगितलं. एकटा चालक आणि परराज्यातला नंबर म्हटलं की नाकाबंदीत गाडी थांबवतात, शेजारी सोलापूरचा मराठी बोलणारा माणूस असला तर कदाचित सोडून देतात. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, "ते कोर्ट बघेल."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर अवघड आहे. येणं निराळं आणि ओळखणं निराळं. मी ओळखला कारण मी झाडं पाहिली आहेत. पालखी सोहळ्यात, जत्रेत साधूंच्या चिलमीचा धूर अनेकांनी घेतलेला असतो, पण जळणाऱ्या गांजाचा वास आणि बांधलेल्या कच्च्या मालाचा वास एक नव्हे. दिवसभर कापडाच्या तंतूत आणि मशीनच्या तेलात बसणाऱ्या माणसाला, सेंट आणि डांबरगोळ्यांनी भरलेल्या बंद गाडीत, रात्री, पावसात भिजून बसल्यावर 'काहीतरी उग्र वास येतोय' इतकंच कळेल. तेवढ्यावर तो मालाचा भागीदार होत नाही.

मग पंचनामा वाचायची वेळ आली. पंचांची सही शेवटी घेतात, आणि तोवर सगळे इतके थकलेले असतात की कोण वाचणार? मी वाचला. सुरुवातीच्या पानावर वाक्य होतं: 'सदर वाहनातून तसेच वाहनातील दोन्ही इसमांच्या अंगास गांजासारखा उग्र वास येत असल्याचे आम्हा पंचांस जाणवले.' मी म्हणालो, अंगाचा वास मी घेतलेला नाही. दोघं खाली उतरल्यावर ते माझ्यापासून लांब, वाऱ्याच्या दिशेला उभे होते. गाडीतून आला, ते लिहा. अंगाला, हे काढा.

वातावरण जरा ताणलं. लिहिणारे म्हणाले, साहेब, हे असंच लिहितात, ठरलेलं वाक्य आहे. मी म्हटलं, ठरलेलं असेल, पण 'आम्हा पंचांस जाणवले' असं तुम्ही माझ्या नावाने लिहिलंय. उपअधीक्षकांनी वाचलं आणि दुरुस्ती करायला सांगितली. 'तसेच वाहनातील दोन्ही इसमांच्या अंगास' एवढे शब्द खोडले, समासात आम्हा दोघांच्या लघुसह्या झाल्या.

तरी अटक झाली. आणि इथे मला कायद्याची दुसरी बाजू सांगितली पाहिजे. कलम ४२ मध्ये गुन्हा केल्याचं मानायला कारण असेल तर अटक करता येते. सार्वजनिक जागेसाठीचं कलम ४३ तर आणखी पुढे जातं: ज्याच्याकडे माल सापडला त्याच्यासोबत असलेल्या दुसऱ्या कोणालाही अटक करता येते, असे शब्दच त्यात आहेत. शिवाय कलम ३५ आणि ५४ खाली ताबा सिद्ध झाला की आरोपीच्या मनात काय होतं याचं गृहीतक त्याच्याविरुद्ध धरलं जातं. सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली मदनलालच्या प्रकरणात एका गाडीतल्या सगळ्यांना दोषी ठरवलं, कारण ते एकमेकांना ओळखत होते, एकत्र निघाले होते. आणि त्याच्या एकच वर्ष आधी, अवतार सिंगच्या प्रकरणात, ट्रकमध्ये अफूच्या बोंडांच्या भुश्शाच्या पोत्यांवर अक्षरशः बसलेल्या माणसांना सोडलं, कारण नुसतं बसणं म्हणजे ताबा नव्हे. माझ्या मते आमची गाडी या दोन निकालांच्या मधली आहे. कोण कुणाला ओळखतं, कोण कुठून कुणासोबत निघालं, हे आधी शोधायचं असतं. वासाला यातलं काहीही ठाऊक नसतं.

सकाळी ठाण्यातून निघताना त्याची बायको आणि मेव्हणा बाहेर उभे होते. 'काय केलं त्यांनी?' असं तिने मला विचारलं, मी पोलीस आहे असं समजून. मी पंच, मला बोलता येत नव्हतं. अटकेच्या फॉर्मवर कारणाच्या रकान्यात 'गुन्ह्यात सहभाग' एवढंच होतं. कसला सहभाग, कशावरून, हे तिला कुणी वाचून दाखवू शकलं नसतं, कारण ते लिहिलेलंच नव्हतं. आता निदान यात फरक पडावा. महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात, २०२५ च्या नोव्हेंबरात, सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोणत्याही गुन्ह्यात अटकेची कारणं अटक झालेल्याला समजेल अशा भाषेत लेखी द्यायला हवीत. त्या रात्री हा दंडक असता आणि अधिकाऱ्यांना 'हा शेजारी बसला होता आणि गाडीत वास येत होता' असं स्वतःच्या हाताने लिहावं लागलं असतं, तर बहुधा त्यांनीच थांबून त्याचा मोबाइल आधी तपासला असता.

सत्र न्यायालयाने जामीन नाकारला. मग उच्च न्यायालय. कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं, त्याआधी आपल्या जिल्ह्याला मुंबईशिवाय वाट नव्हती. त्याचा मेव्हणा सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघायचा, सकाळी कोर्टात बसायचा, तारीख पडली की रात्री परत. कारखान्यात रोजावर काम करणाऱ्या माणसाच्या घरात हे कसं झालं असेल ते ज्याचं त्याने समजून घ्यावं. अखेर जामीन झाला, पण तोवर तो वर्षाहून जास्त काळ आत होता.

माझा स्वतःचा मेव्हणा वकील आहे. या खटल्याशी त्याचा संबंध नव्हता, म्हणून त्याच्याशी बोलायला मला अडचण नव्हती. तो म्हणाला, "दाजी, वासावरचं भांडण अमेरिकेत फार जुनं आहे." १९४८ सालचं जॉन्सन नावाच्या बाईचं प्रकरण त्याने सांगितलं. सिएटलच्या एका हॉटेलच्या खोलीतून जळत्या अफूचा वास आला, अधिकारी वॉरंट न घेता आत शिरले, खोलीत ती एकटी होती म्हणून तिला अटक केली. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जॅक्सन यांनी लिहिलं की वास हा वॉरंट मागायला पुरेसा पुरावा ठरू शकतो, पण आत शिरेपर्यंत अफू कोण ओढतंय हे अधिकाऱ्यांना माहीतच नव्हतं. अटकेला कारण मिळालं ते शिरल्यामुळे, आणि शिरणं समर्थनीय ठरवायचं अटकेने, असं चक्र चालणार नाही. मेरीलँड राज्यात २०१९ साली पाचेको नावाच्या माणसाच्या खटल्यात तर गाडी आणि माणूस यांत सरळ रेषच ओढली. गांजाच्या वासावरून आणि दिसलेल्या एका विडीवरून गाडी तपासता येईल, पण तेवढ्यावर माणसाला अटक करून त्याची अंगझडती घेता येणार नाही. तिथे दहा ग्रॅमखालचा गांजा बाळगणं तेव्हा गुन्हा राहिलेला नव्हता, हे त्यामागचं मुख्य कारण, आणि आपल्याकडे तसं नाही. पण गाडीचा खासगीपणा वेगळा आणि माणसाच्या अंगाचा, त्याच्या मोकळेपणाचा अधिकार वेगळा, हा भेद मला आपल्याकडेही हवा आहे.

समन्स आलं ते २०२५ साली. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर सरकारी वकिलांनी एकेक सीलबंद पाकीट दाखवलं, लेबलवरची सही माझीच का विचारलं, मी हो म्हणालो. सरतपास सुरळीत झाला. उलटतपासात आधी चालकाच्या वकिलांनी वजनकाटा, लाख, पाऊस यांवर बराच वेळ घेतला. त्यात त्यांच्या हाती फारसं लागलं नाही, लागायलाही नको होतं, कारण ते काम नीट झालं होतं.

मग दुसऱ्या आरोपीच्या तरुण वकीलबाई उठल्या. त्यांनी मोजकंच विचारलं.

"वास कुठून येत होता?"

"गाडीतून."

"आरोपी क्रमांक दोनच्या अंगाला येत होता?"

"मी तो घेतला नाही. पंचनाम्यात तसं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं."

कोर्टाने मूळ पंचनामा मागवून घेतला, खोडलेले शब्द आणि समासातल्या सह्या पाहिल्या. मग वकीलबाईंनी विचारलं की वास आत बसलेल्याला सतत जाणवेल का. सरकारी वकिलांनी हरकत घेतली, साक्षीदार तज्ज्ञ नाही म्हणून. न्यायाधीश म्हणाले, त्यांनी स्वतः काय अनुभवलं तेवढं सांगू द्या. मी ताडपत्रीखाली बसल्यावर वास येईनासा झाला, चहा पिऊन आल्यावर पुन्हा आला, असं सांगितलं. ते जसंच्या तसं नोंदवून घेतलं.

सरकारी वकिलांनी फेरतपासात एकच प्रश्न केला: "गाडीत प्रथम बसणाऱ्याला वास येणं शक्य होतं की नाही?" मी म्हणालो, शक्य होतं. तेही खरंच होतं.

काही महिन्यांनी निकाल लागला. चालकाला शिक्षा झाली. दुसऱ्याला सोडलं. दोघांच्या मोबाइलवर एकमेकांचा एकही कॉल नव्हता, तिकिटावरची वेळ आणि बस बंद पडल्याची आगाराची नोंद जुळत होती, खबरीत एकाच इसमाचा उल्लेख होता, आणि वास वाहनाचा होता, आरोपी क्रमांक दोनशी त्याचा संबंध जोडणारं काही नाही, असं कोर्टाने म्हटलं. यातली प्रत्येक गोष्ट अटकेनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत तपासता आली असती. आगार इथून तासाभरावर आहे.

मोबाइल परत मिळावा म्हणून त्याने नंतर मुद्देमालासाठी अर्ज केला, असं कळलं. कारखान्यात त्याच्या मशीनवर तोवर दुसरा माणूस बसलेला होता, म्हणून तो आता घरीच नगावर शिवतो.

आमच्या कार्यालयात पंचाची पत्रं अजूनही येतात, आणि माझं नाव असलं की मी जातो. वासाचा उल्लेख आला की लिहिणाऱ्याला तिथेच सांगतो: कुठे उभं राहून आला, दार उघडं होतं की बंद, वारा कुठून होता आणि कुणाच्या अंगाजवळ जाऊन घेतला, हे सगळं वेगवेगळ्या ओळींत लिहा. गेल्या खेपेला लिहिणाऱ्या हवालदारांनी मी सांगायच्या आधीच तसं लिहून ठेवलं होतं.